भर उन्हात चाकं रंगवली, आता हात फिरवला की पॉलिश पेपर

तेरा_नंबरी

राम राम मंडळी. दिवाळीत जुनी वॅगन आर घेतली, २०१२ ची, एमएच १३ चीच. इंजिन चांगलं, एसी चांगला, चाकं मात्र बघवत नव्हती. साधी लोखंडी चाकं, वरची प्लास्टिकची कव्हरं दोन फुटलेली आणि दोन गायब, आतून तांबेरा. म्हटलं स्प्रेचे कॅन आणू आणि घरीच मारू. व्हिडिओतलं पोरगं दहा मिनिटांत चकाचक करून दाखवतंय, आपण तर गणपतीचं मखर दर वर्षी रंगवतो.

रविवारी गच्चीवर बेत केला. सकाळी सहाला सुरुवात करणार होतो, पण नेमकं त्याच दिवशी नळाला पाणी आलं. सोलापूरकरांना पुढचं सांगायला नको. टाकी, पिंप, बादल्या, कळश्या भरून होईपर्यंत साडेदहा. चाकं वर नेली, घासली, पुसली, आणि बारा वाजता पहिला प्रायमर. मग वर सिल्व्हर, तीन हात.

आता ऐका काय झालं ते. तीन चाकांवरून हात फिरवला की पॉलिश पेपर. रंग बसलाय, पण चमक नाही, पिठी भुरभुरल्यासारखा दिसतोय. चौथं चाक त्याहून भारी. दुसरा हात मारला आणि डोळ्यांदेखत रंग सुरकुतला, तापवून ठेवलेल्या दुधावरच्या सायीसारखा. कॅन एकच, हात एकच, ऊन एकच. मग एकट्या चौथ्यालाच काय झालं?

जाता जाता. पलीकडच्या कोपऱ्यात आईच्या कुरडया वाळत होत्या. वारा तिकडेच होता. संध्याकाळी ती वर आली, एक कुरडई उचलून उजेडात धरली आणि म्हणाली, "चांदीचा वर्ख कशाला रे, साध्या चालल्या असत्या की." दोन किलो गव्हाच्या होत्या. सगळ्या फेकाव्या लागल्या. घरात अजून वातावरण तापलेलंच आहे.

भाकरी_आणि_पाना

का बे, एप्रिलात दुपारी बारा वाजता सोलापुरात गच्चीवर? त्या वेळी कावळासुद्धा सावलीत बसतो.

कुरडयांबद्दल वाईट वाटलं. चाकांबद्दल नाही.

बूथवाले_अण्णा

तेरा नंबरी, मनाला लावून घेऊ नका, मीही सुरुवातीला हेच केलंय. गाड्यांना रंग मारण्यात माझी उमर गेली, आता गुडघ्यांमुळे बंद केलं. तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

तीन चाकांचं आधी सांगतो. त्याला आम्ही सुका स्प्रे म्हणतो. कॅनमधून निघालेला थेंब ओला असतो. तो ओलाच पत्र्यावर पडला पाहिजे, शेजारच्या थेंबात मिसळला पाहिजे, तेव्हा सपाट होऊन चमकतो. तुमच्याकडे हवा ४२ अंशांची, वरून वारा, आणि उन्हातलं लोखंड तर हात ठेववणार नाही इतकं तापलेलं. थेंबातला थिनर वाटेतच उडाला. पत्र्यावर पोहोचली ती नुसती भुकटी. तुमच्या कुरडयांवर जे बसलं तेच चाकांवर बसलंय, फरक एवढाच की चाकं फेकावी लागणार नाहीत.

कॅन किती लांब धरला होता? माझा अंदाज, हातभर. वीत-सव्वा वीत ठेवा, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर. उन्हाळ्यात जवळचं टोक पकडा. आणि हात चालता ठेवा. बटण चाकाच्या बाहेर दाबायचं, हात आडवा न्यायचा, पलीकडे बाहेर गेल्यावर सोडायचं. चाकावरच थांबून बटण दाबलं की तिथं ओघळ आलाच म्हणून समजा.

आता चौथं. ते चाक आधी कुणी रंगवलं होतं का?

तेरा_नंबरी

अण्णा, हातभरच होता. अगदी बरोबर ओळखलंत.

चौथ्याचं माहीत नाही ओ. जरा जास्त काळं होतं इतरांपेक्षा, एवढंच लक्षात आहे. मला वाटलं ब्रेकची धूळ.

बूथवाले_अण्णा

मग एक काम करा. पांढरा सुती फडका घ्या, एनसी थिनरमध्ये भिजवा, चारही चाकांवर एकेका कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग पुसा. काय येतं ते इथं लिहा. हातमोजे घाला, बाहेर मोकळ्यावर करा, आणि आसपास विडी पेटवलेली नको.

रंगशाळा

अण्णांच्या या चाचणीमागचं गणित लिहिते, कारण हे कळलं की अर्धे घोटाळे आपोआप टळतात. मी रंगाच्या प्रयोगशाळेत काम करते, चाकं कधी रंगवली नाहीत, त्यामुळे हाताचं कसब अण्णांकडूनच शिका.

कॅनमधला नेहमीचा अॅक्रिलिक लॅकर नुसता थिनर उडून वाळतो. त्यामुळे महिन्यांनी पुन्हा थिनर लावला तरी तो पुन्हा विरघळतो. हार्डवेअरच्या दुकानातला ऑइल पेंट, म्हणजे इनॅमल, याचं तसं नाही. तो हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतो, वरून कोरडा वाटला तरी आतून कडक व्हायला कितीतरी दिवस जातात. त्याच्यावर लॅकरचा जहाल थिनर पडला की तो विरघळत नाही, फुगतो. फुगायला आडवी जागा नसते, म्हणून सुरकुत्या पडतात. कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो, त्याला थिनरने फारसं काही होत नाही.

म्हणून फडक्यावर लगेच रंग उतरला तर लॅकर. चिकट, लिबलिबीत होऊन उचकटला तर ऑइल पेंट. फडका स्वच्छ राहिला तर कंपनीचा.

याच कारणाने हार्डवेअरच्या दुकानातला लाल रेड ऑक्साइड खाली मारून वर स्प्रे मारू नका. तोही बहुतेक वेळा तेलाचाच असतो. गेटाला, ग्रिलला छान. लॅकरखाली नको.

पूर्वभाग

एवढं सगळं करण्यापेक्षा एमआयडीसीत पावडर कोटिंगला देऊन टाका की. माझ्या भावानं बुलेटची दोन्ही चाकं केली, लई मजबूत.

बूथवाले_अण्णा

पावडर चांगलंच, नाही म्हणत नाही. पण तिथं भट्टी १८० ते २०० अंशांची असते. म्हणजे टायर काढा, व्हॉल्व्ह काढा, बॅलन्सिंगची वजनं काढा, नंतर परत चढवा, बॅलन्सिंग करा. चार-पाच दिवस गाडी ठोकळ्यांवर. लोखंडी चाकाला भट्टीचं काही वाटत नाही. अॅलॉयला मात्र पुन्हा पुन्हा तापवणं बरं नाही, एवढ्या उष्णतेत अॅल्युमिनियमचा टणकपणा उतरू शकतो. आणि १३ इंची लोखंडी चाकं आहेत हो ती, देव्हाऱ्यातली समई नाही.

कटकट_काका

त्यापेक्षा चार नवीन व्हील कव्हर आणा आणि विषय संपवा.

भाकरी_आणि_पाना

काका, तांबेरा कव्हराखाली थांबतो का? टायरची कड जिथं रिमला घट्ट बसते तिथपर्यंत गंज गेला की हवा हळूहळू उतरायला लागते. माझ्या ओमनीचं असं झालं होतं. पंक्चरवाला तीनदा पाण्यात बुडवून बघतोय, ट्यूबलेस टायर शाबूत, बुडबुडे मात्र कडेनं. शेवटी टायर उतरवून रिमची कड घासली तेव्हा थांबलं.

तेरा_नंबरी

मंडळी, फडका लावला. निकाल:

तीन चाकं: फडक्यावर लगेच सिल्व्हर आणि राखाडी. खाली कंपनीचा रंग दिसला, त्याला काही नाही झालं.

चौथं: आधी सिल्व्हर, मग काळा चिकटा. बोटाला गुळाच्या पाकासारखा ताणत होता. आणि त्या चिकट्यात, हसू नका, ब्रशचा एक केस. चांगला इंचभर लांब, वाकडा होऊन रुतून बसलेला. म्हणजे आधीच्या मालकानं घरातल्या ब्रशनं काळा ऑइल पेंट मारलेला. गाडी विकताना "सगळं कंपनी फिटेड आहे" म्हणाले होते.

भाकरी_आणि_पाना

तो केस जपून ठेव बे. पुरावा आहे.

बूथवाले_अण्णा

झालं, सापडला चोर.

तीन चाकांना सगळं खरवडायची गरज नाही. ६०० नंबरचा पाणी पेपर, साबणाचं पाणी, हलक्या हातानं घासून खरखर काढा. खालचा राखाडी कुठं दिसला तर घाबरू नका. धुवा, पूर्ण वाळवा. आपलं बोअरचं पाणी जड, वाळल्यावर पांढरे डाग राहतात आणि त्यावर रंग धरत नाही. म्हणून शेवटचं पुसणं पिण्याच्या पाण्यानं, आणि रंगाच्या आधी एकदा थिनरचा जेमतेम ओला फडका. जेमतेम म्हणतोय. ओथंबलेला लावलात तर सगळं निघून येईल.

चौथ्याचा काळा चिकटा पूर्ण काढावा लागेल. पेंट रिमूव्हर लावा किंवा ड्रिलला तारेचा कप लावून उतरवा. डोळ्यांवर चष्मा हवाच, तारेचे तुकडे उडतात. लोखंड उघडं पडलं की ८० चा, मग १२०, मग २२० चा पेपर. ८० चे ओरखडे तसेच ठेवून प्रायमर मारलात तर चांदीखालून रेघा दिसतील, सिल्व्हर काहीही लपवत नाही. उघड्या लोखंडाला त्याच दिवशी प्रायमर. रात्रभर ठेवलं की पुन्हा लाली धरते.

खड्डे असतील तर थोडी पुट्टी चालेल, दर्शनी बाजूला. रिमच्या कडेला मार बसून वाकलं असेल किंवा चीर असेल तर तिथं पुट्टी भरून रंग मारायचा नाही, ते चाक आधी दाखवून घ्यायचं.

होटगी_रोड_रायडर

अण्णांनी एक गोष्ट अजून सांगितली नाही, ती मी सांगतो, कारण आमच्या घरात ती घडली आहे.

बहिणीच्या लग्नाआधी काकांनी गाडीची चाकं बाहेरून रंगवून घेतली. दुकानाचं नाव सांगत नाही. चाक जमिनीवर आडवं ठेवून दोन्ही बाजूंनी भरपूर रंग, नटाच्या भोकांसकट. दिसायला आरसा. आठवड्यानं तुळजापूरला निघालो. वाटेत स्टेअरिंग थरथरायला लागलं. काका म्हणाले बॅलन्सिंग गेलं असेल. मी उतरून पाना लावला तर पुढच्या डाव्या चाकाचे चारपैकी तीन नट हातानं फिरत होते.

कारण साधं आहे. नट बसतो ती खोलगट कड आणि चाकाची मागची बाजू, जी हबला म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला टेकते, या दोन जागी लोखंडावर लोखंड बसलं पाहिजे. मध्ये रंगाचा जाड थर असला की नट आवळताना तो थर आवळला जातो. मग गाडी चालते, तापते, थर दबतो, पसरतो, भुकटी होऊन निघून जातो. तेवढी जागा मोकळी झाली की नटाचा ताण गेला.

त्या दोन जागांवर रंग नको म्हणजे नकोच.

तेरा_नंबरी

बापरे. मी तर भोकांतसुद्धा आवर्जून मारला, आतून गंजू नये म्हणून. मागूनही मारला. चाकं सध्या गाडीलाच आहेत आणि रोज सात रस्त्यापर्यंत येणं-जाणं चालू आहे.

होटगी_रोड_रायडर

आत्ता खाली जा आणि पाना लावून बघ. मग येऊन लिही.

तेरा_नंबरी

आलो. मागच्या उजव्या चाकाचा एक नट पाव फेरा गेला. बाकीचे घट्ट. उद्यापासून स्कूटर.

बूथवाले_अण्णा

रायडरनी चांगलं केलं, मी खरंच विसरलो होतो. आम्ही ते हातासरशी झाकायचो, सांगायची वेळच आली नाही.

झाकायला मोठ्या काचेच्या गोट्या घ्या, नटाच्या भोकावर बरोबर बसतात. थोडा रंग कडेला गेला तर नंतर खरवडून टाकायचा. मागच्या बाजूला मास्किंग टेप. टायर झाकायला पत्त्यांचा जुना कॅट घ्या. हवा थोडी कमी केलीत की पत्ता टायर आणि रिम यांच्या फटीत सरकतो. एकावर एक थोडे चढवत गोल फिरवा, गोलभर पत्ते उभे राहतात. ५२ पत्त्यांत एक चाक आरामात होतं. व्हॉल्व्हला टेपचं टोपरं. कडेला लावलेली वजनं हलवू नका, हललं तर बॅलन्सिंग करून घ्या.

चढवताना नट समोरासमोरचे आवळायचे, गोलाकार नाही. आवळायचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, टॉर्क पाना कुणाकडून तरी मिळवा. आणि ५० ते १०० किलोमीटर झाले की पुन्हा एकदा पाना लावायचा.

अॅलॉय_हवी

अण्णा, माझी अॅलॉय आहेत, पुढचा भाग चकचकीत कातलेला आणि खाच काळी. त्यावर हेच चालेल का?

बूथवाले_अण्णा

कातलेल्या भागावर फक्त क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर असतो, खाली उघडं अॅल्युमिनियम. त्यावर रंग मारलात की ती चमक गेली, घासून परत येत नाही, लेथवरच कातावं लागतं. तरी मारायचाच असेल तर अॅल्युमिनियमला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरणारा प्रायमर लागतो, नाहीतर सहा महिन्यांत पापुद्रे. माझं ऐकाल तर फक्त काळी खाच करा.

कटकट_काका

क्लिअर मारायचाच का पण? एक कॅन वाढतो.

रंगशाळा

काका, सिल्व्हरमधली चमक म्हणजे अॅल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. वर क्लिअर नसेल तर ब्रेकची तापलेली लोखंडी भुकटी थेट त्यांत रुतते आणि तिथं गंजते. चाकावर जे तपकिरी ठिपके धुऊनही जात नाहीत ते तेच.

फक्त क्लिअर दोन प्रकारचा मिळतो. साधा, तो पेट्रोल सांडलं तरी मऊ पडतो. दुसरा टूके, त्यात हार्डनर वेगळा असतो, कॅनच्या बुडाशी कळ दाबली की आत मिसळतो आणि मग एक-दोन दिवसांत तो संपवावाच लागतो. तो खरोखर टिकतो. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून गेलं तर दमा कायमचा मागे लागू शकतो. त्याला रुमाल, कोविडचा मास्क, टॉवेल यातलं काही चालत नाही. योग्य फिल्टरचा रेस्पिरेटर नसेल तर साधाच क्लिअर मारा आणि दोन-तीन वर्षांनी परत मारा.

आणि कॅन उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. त्यावर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते, एप्रिलात बंद गाडी ती सहज ओलांडते.

तेरा_नंबरी

तीन आठवड्यांनी येतोय. काम झालं.

एका वेळी एकच चाक, त्या जागी स्टेपनी. गच्चीवर जायचं नाही अशी आईची अट, म्हणून खाली पार्किंगमध्ये. पावणेसहाला सुरू, वारा सुटायच्या आत आठपर्यंत बंद. जमिनीवर आदल्या रात्री पाणी शिंपडलं, धूळ बसली. कॅनमधली गोळी खडखडायला लागल्यावर पुढं पूर्ण दोन मिनिटं हलवला, हात भरून आला.

पहिला हात मुद्दाम विरळ मारला, खालचा राखाडी दिसत राहील इतका. दहा मिनिटं थांबलो. दुसरा ओला. तेव्हा पहिल्यांदा कळलं अण्णा काय म्हणत होते ते. थेंब पडतात, क्षणभर वेगवेगळे दिसतात आणि मग एकदम एकमेकांत मिसळून पाण्यासारखं सपाट होतं. बघत बसावंसं वाटतं. तसाच बघत बसलो आणि एका जागी ओघळ आला. तो वाळू दिला, दुसऱ्या दिवशी ६०० नं घासला, वर परत एक हात. शेवटचा सिल्व्हर जरा लांबून, हलका, म्हणजे ढगाळ पट्टे दिसत नाहीत. मग साध्या क्लिअरचे दोन हात.

चौथ्या चाकाला बाकी तिघांइतका वेळ लागला. खाली एका जागी गंजाचे खड्डे निघाले. पुट्टी भरली तरी उन्हात तिरपं बघितलं की दिसतात. दिसू देत.

गोट्या शेजारच्या पोराकडून उसन्या घेतल्या. परत दिल्या तेव्हा त्या चांदीच्या झाल्या होत्या, त्यामुळे तो खूश. नटाच्या कडा आणि मागची बाजू खरवडून लख्ख लोखंड केलं. काल सगळ्यांना घेऊन तुळजापूरला जाऊन आलो, परतल्यावर पाना लावला. एकही नट हलला नाही.

कुरडयांचा हिशेब असा मिटला की यंदाचा चीक मी घोटला. त्यापुढं चाकं घासणं सोपं आहे.

होटगी_रोड_रायडर

फोटो टाक. आणि दोन आठवडे तरी प्रेशरच्या पाण्यानं धुवायला नेऊ नको, क्लिअर अजून कच्चा आहे.

बूथवाले_अण्णा

छान झालं. चार चाकं झाली, स्टेपनीचं काय?

तेरा_नंबरी

अण्णा, तुमचा प्रश्न वाचून आत्ता डिकी उघडली आणि थिनरचा फडका लावला.

काळा चिकटा. दोन केस.